वर बघण्याचं काम

सोहारच्या क्लिनिकात गुरुवारी संध्याकाळी
दिलावर सारंग आला, मूळचा जयगडचा,
बंदरावर क्रेनचा सिग्नलमन.
आपली धूळ लागू नये म्हणून
खुर्चीच्या कडेवर टेकला,
आणि मी मराठीत "बसा" म्हटल्यावर
नीट मागे सरकून बसला.

"बाय, वय छप्पन. कंपनी नवीन आलीय.
गेटावरचं मशीन माझा चेहरा घेत नाही.
पासावरचा फोटो चौदा वर्षांचा जुना.
सुपरवायझर पोरगा विचारतो, चाचा, हा तुमचा मुलगा काय?
ऑपरेशन नको. बाकी काय असेल ते सांग."

मी सांगितलं. दिवसातून दहा वेळा सांगते.
बोटॉक्स: चार-सहा टोचण्या, कपाळ गप्प,
तीन-चार महिन्यांनी परत बोलू लागतं.
फिलर: खळगा भरतो, खिसा रिकामा होतो.
पील: आठवडाभर कात टाकायची,
तेवढे दिवस उन्हात जायचं नाही.
इथे तो पहिल्यांदा हसला.
लेझर: आपल्या रंगाला जपून, कधी डाग उरतात.
आणि रात्रीची एक ट्यूब, वाटाण्याएवढी लावायची,
जिला घाई म्हणून ठाऊक नाही.

मग भिंगाचा दिवा ओढला,
त्याच्या डोळ्याच्या कडेची कातडी
दोन बोटांनी ताणली
आणि थांबले.

प्रत्येक सुरकुतीच्या तळाशी एक गोरी रेघ.
सव्वीस वर्षं हा माणूस
डोळे किलकिले करून हुकाकडे बघत उभा,
आणि ऊन त्या घड्यांच्या आत
कधी शिरलंच नाही.
जयगडहून निघताना अंगावर जो रंग होता
तो तिथे दोरा दोरा शिल्लक,
पेटीच्या तळाशी राहून गेलेल्या
न वापरलेल्या सदऱ्यासारखा.

आरसा दिला. बराच वेळ बघत राहिला.
"इथं होता होय हा," म्हणाला.

मग: "सुई मारली तर वर बघता येईल ना?
माझं कामच वर बघायचं."
येईल, म्हटलं. मान जाईल, डोळे जातील,
फक्त भुवया सोबत जाणार नाहीत.
तो विचारात पडला.
"मग वरच्याला कळणार कसं,
खाली माणूस उभा आहे की खांब?"

मी हसले. हसले असेन.

मार्चमध्ये स्टाफला निम्म्या दरात होतं.
डॉक्टर रीमानं स्वतः टोचलं, हात हलका तिचा.
कपाळ इस्त्रीतून काढल्यासारखं.
आवडलं मला, खोटं कशाला बोलू,
लिफ्टच्या आरशातसुद्धा वळून पाहिलं.
एप्रिलात आईनं व्हिडिओवर
चष्मा पुसून, फोन अगदी नाकापाशी धरून विचारलं,
"मामा गेल्याचं कळलं ना गं तुला?"
मी तासभर रडून
तिच्यासमोर बसले होते.

दिलावरनं ट्यूब घेतली, सनस्क्रीन घेतलं,
ओठ हलवत रियालचे रुपये केले,
एकदा नाही, दोनदा.
दारातून परत आला.
"सॅम्पल असतील तर दे.
गँगमध्ये पोरं आहेत, बाविशी-तेविशीची.
त्यांचं अजून काही लिहून झालेलं नाही तोंडावर."
मी खण उपसला. सतरा पुड्या निघाल्या.

परवा, जुलैच्या पहिल्या शुक्रवारी,
मासळीबाजारात दिसला,
सुरमईचा भाव पाडत.
क्रीम न चोळता नुसतं थापलेलं,
पिठाच्या गिरणीतून उठून आल्यासारखा.
"बाय, तू दोन बोटं म्हणालीस, मी चार लावली!"
आणि मशीन?
"घेत नाही अजून. वॉचमन ओळखतो,
तो उघडतो दार."

तेव्हा माझी डावी भुवई,
मार्चनंतर पहिल्यांदाच,
आपली आपण वर गेली.

उजवी अजून रजेवर आहे.