पेपरची गाडी

पावणेतीनला गठ्ठे मोजून घेतो.
मराठीला तांबडी सुतळी, कन्नडला पांढरी.
अंधारात बोटांना रंग कळत नाही,
म्हणून तांबडीला दोन गाठी.
ही रीत मोनाप्पाची, माझ्याआधी गाडीवर होता तो.
आता काकतीच्या थांब्यावर
कानटोपी घालून उभा असतो, पहाटेची झोप मोडलेली ती मोडलेलीच.
मी हॉर्न देतो. तो हात करतो.
एवढंच.

वंटमुरीच्या घाटात गाडी घसा खाकरते.
पुढं लॉऱ्या झोपलेल्या,
एकीच्या मागं बसून क्लीनर पोरगा
मोबाईलच्या उजेडात नखं कापतोय.

यमकनमर्डीत शिदलिंग उठत नाही कधी.
त्याची बायको शटर वीतभर उचलते,
खालून हात काढते, गठ्ठा ओढून घेते.
आठ वर्षं झाली, चेहरा पाहिला नाही.
हिरव्या बांगड्या, अंगठ्याजवळ चटक्याचा डाग,
पाडव्याच्या सुमारास नखांत मेंदी.
परवा मनगटाला प्लास्टर होतं.
"एनातरी?" मी विचारलं.
शटरखालून मराठीत आलं,
"पडले की."

संकेश्वर नाकानं ओळखायचं.
मिरचीच्या दिवसांत पहिली शिंक आली
की वेग कमी, दुसरीला डावीकडं.
निपाणीत तवनाप्पा पेपर उलगडून हुंगतो,
म्हणतो, शाईला पूर्वीचा वास राहिला नाही.
चाळीस वर्षं तंबाखूच्या वखारीत काढली त्यानं.
मी काय बोलणार.

कोगनोळीला हद्द संपते म्हणतात.
मला एवढंच कळतं की चाकाखालचा आवाज बदलतो,
ठेकेदार वेगळा असणार.
टोलवरचा इमामसाब एक मराठी, एक कन्नड मागून घेतो,
दोन्हीतलं राशिभविष्य जुळवतो,
चांगलं असेल ते धरतो.

परत येतो ते चिकोडी, हुक्केरीकडून,
गवारी, वांगी, कुणाचं तरी कपाट,
मिळेल ते भाडं घेऊन.
तेव्हा ही गावं मला रात्रीचीच ठाऊक.
भाचीच्या सुपारीला म्हणून एकदा भर दुपारी
एस.टी.च्या खिडकीत बसून निघालो
आणि काही ओळखू येईना.
एवढी माणसं कुठून आली?
बँक होती, दाताचा डॉक्टर होता,
तीन मोबाईलची दुकानं, एक लग्नाचा हॉल.
उघडी शटरं सगळी सारखी दिसतात.
यमकनमर्डीत मी मान वळवून वळवून हात बघत होतो,
केळी निवडणारे, पदर सावरणारे,
पोराच्या पाठीत धपाटा घालणारे.
हिरव्या बांगड्या तर सगळ्यांच्याच.
शेजारचा म्हणाला, काय हरवलंय काय तुमचं?
तोवर गाडी पुलावर चढली
आणि गाव खाली गेलं, 
पाण्याच्या काळ्या टाक्या तेवढ्या वर राहिल्या.

शेठ म्हणाले, एक तारखेपासून तिथं उतरू नको.
अकरा प्रती. त्यात सात मराठी, चार कन्नड.
डिझेल परवडत नाही, सांगून टाक त्यांना.
हिशेब बरोबर आहे त्यांचा,
मीही करून बघितला, दोनदा.

आज तीस.
मी एकाच गठ्ठ्यात अकरा बांधल्या,
सुतळी तांबडी का पांढरी ते बघितलं नाही.
गाठी मात्र दोन पडल्या, हाताची सवय.
शटर वीतभर उचललं गेलं.
प्लास्टर निघालं होतं,
मनगट बारीक, कातडी फिकट,
बांगड्या नव्या, अजून सैल.

सांगायचं होतं.
इंजिन चालूच ठेवलेलं, आवाज मोठा.
हात गठ्ठ्यावर थांबला जरासा,
बोटांनी गाठी चाचपल्या.
"आज एकच?" 
"एकच," म्हणालो. 

वर पुलावरून कुणाची तरी लॉरी गेली,
लांब कोल्हापूरकडं.
घड्याळात तीन पन्नास.
संकेश्वरचा गठ्ठा पुढच्या सीटवर घेतला
आणि पहिला गिअर टाकला.