उद्यापर्यंत सात पानं

रात्री पावणेनऊला शर्वीला आठवलं
की उद्या शाळेत सात पानं न्यायची आहेत.
साधी नाहीत. तांबडी, पिवळी, वाळलेली,
वहीत दाखवलीत तशी,
आणि त्यांचं घुबड करायचंय.

वहीतल्या चित्रात स्वेटर घातलेली मुलं
पानांच्या ढिगात उड्या मारतायत.
आमच्या खिडकीबाहेर सोहार, ऑक्टोबर, बत्तीस अंश,
आणि ठिबकच्या नळ्यांवर जगलेली कोनोकार्पसची कुंपणं,
बारा महिने एकाच हिरव्यात,
जणू नगरपालिकेनंच रंगवलेली.

‘बाबा, ऑटम म्हणजे मराठीत काय?’
शरद, मी म्हटलं,
आणि लगेच जीभ चावली.
शरद म्हणजे कोजागरी, आटवलेलं दूध,
धुऊन वाळत घातलेलं आभाळ.
शरदात आमच्याकडे कोण पानं गाळतं?
झाडं मोकळी होतात ती माघात,
होळीच्या आगेमागे.
‘मग त्यांचं चुकलं की आपलं?’
कुणाचंच नाही गं. चप्पल घाल.

आई रात्रपाळीला. गाडीत आम्ही दोघं,
मागच्या सीटवर बासमतीचं रिकामं पोतं.
सात पानांसाठी पोतं:
बाप म्हणून माझी तयारी अशीच असते.

आधी खलफानच्या दारातलं सिद्र पाहिलं.
आपल्या बोरीचीच मावसबहीण;
काटे तेच, पान नखाएवढं.
‘याचं घुबड नाही होणार,’ शर्वी म्हणाली,
‘याची मुंगी होईल.’
खजुराची झावळी तिच्याहून उंच निघाली.

मग किनाऱ्याचा रस्ता, मासळीबाजाराच्या अलीकडे
ओळीनं उभी बदामाची झाडं.
दिव्याखाली मान वर करून बघितलं तर
एकेका फांदीवर दोन-तीन पानं लाल.
खरोखरची लाल,
डाळिंबाची साल वाळायच्या आधी असते तशी.
थंडीनं नव्हे. वय झालं म्हणून,
किंवा खाऱ्या वाऱ्यानं.
पण खाली जमीन लख्ख.
शफीउलनं नुकतीच झाडली होती.

चमकत्या पट्ट्यांचं जाकीट घालून
तो काळ्या पिशव्यांना गाठी मारत होता.
मोडक्या हिंदीत मी घुबड समजावलं.
तो हसला नाही. एक गाठ सोडली,
दिवसभराची पानगळ फुटपाथवर ओतली
आणि उकिडवा बसून निवडू लागला,
बाजारात भेंडी निवडावी तसा,
उलटून पालटून:
भोकाचं बाजूला, डागाचं बाजूला.
शर्वी त्यानं टाकलेलीच उचलत होती.
‘याला डोळा आहे. आणि यालापण.’
थोड्या वेळानं तोही
भोकाचीच शोधू लागला.

साडेदहा. जेवणाच्या टेबलावर फेविकॉल.
कान कमी पडले म्हणून मसाल्याच्या डब्यातून
दोन तमालपत्रं; नख्यांना लवंगा.
घुबड थोडं कोंबडीसारखं झालं,
थोडं आमच्या मॅनेजरसारखं.

शेरा आला: छान. पण डोळे तीन का?
खाली शर्वीनं पेन्सिलीनं उत्तर लिहिलं,
मॅडमनी वाचलं की नाही, माहीत नाही:
एक झाडणाऱ्या काकांचा आहे.

मग घुबड फ्रिजवर राहिलं.
डिसेंबरात आक्रसलं,
जानेवारीत त्याचा एक कान गळला
आणि ओट्यावर सापडला म्हणून
बायकोनं तो पुलावात टाकला.
आम्ही खाल्ला. बरा झाला होता.

आता माघ. कोनोकार्पस हिरवंच.
किनाऱ्यानं जाताना शर्वी काच खाली करते,
शफीउल लांबूनच झाडू उंचावतो.
परवा सिग्नलला तो धावत आला,
जाकिटाच्या आतून, घडी न पडू देता,
एक पान काढून तिला दिलं:
मोठं, तांबडं, पाच भोकांचं.
सिग्नल हिरवा झाला, मागचे हॉर्न मारू लागले.
ती पान दिव्यापुढे धरून मोजत होती.
‘याचा कोळी करू,’ म्हणाली.
‘अजून तीन डोळे लागतील.’