नळाला येण्याआधी

इरावती फोन पुढे करते: ही बघ मावशी, कुमाऊँमधली,
बावीस किलोमीटर, देवदारांतून, जूनमध्येसुद्धा वर बर्फ दिसतो.
आणि ही पचमढीची, सोपी आहे,
तुझ्या गुडघ्यांचा विचार करून काढलीये.

काढलीये म्हणाली. मला हसू आलं.
चौतीस वर्षं वाटा मीच काढत होते
पाणीपुरवठा खात्यात, दुसऱ्या मजल्यावर,
ट्रेसर, श्रीमती प्र. वि. खासगीवाले.
काचेच्या टेबलाखाली ट्यूबलाइट, वर ट्रेसिंगचं कापड,
घाम गळू नये म्हणून मनगटाखाली रुमाल.
रेषा विरळ असल्या की सपाटी,
जवळ आल्या की घाट,
एकमेकींना चिकटल्या की साहेब मागे येऊन उभे राहायचे:
बाई, इथे हात हलू देऊ नका, इथे कडा आहे.

हात हलला नाही.
पण मी तिथे कधी गेलेही नाही.

धावायला लागले पंचावन्नाव्या वर्षी, साखर निघाली म्हणून,
मुलाचे जुने बूट, पुढे कापूस कोंबून,
राजेंद्रनगरच्या मैदानाला आधी दोन फेऱ्या, मग अकरा.
इंदूरला डोंगर कुठे, असं विचारतात.
आहे की.
आपण त्याच्या डोक्यावर राहतो.
दक्षिणेला तासभर गेलं की जमीन संपते,
खाली निमाड, निमाडाच्या पोटाशी नर्मदा,
आणि तिचं पाणी पंपापंपाशी थांबत
सगळा घाट चढून येतं
आपल्याकडे कुणीतरी डाळ धुवावी म्हणून.

कपाटातून मी शीट सतरा काढली.
घड्यांवर फाटलेली, अमोनियाचा वास अजून धरून.
दोन समांतर रेषा: पाइप.
शेजारी तुटक रेषा: चौकीदाराची पायवाट.
ती तुटक तुटक मीच काढलेली,
कुठे नाला ओलांडते, कुठे तीनदा वळते,
हे बोटांना डोळ्यांआधी आठवतं.

इरावती दातांची डॉक्टर. नीट तपासल्याशिवाय
कशालाच हो म्हणत नाही.
मावशी, मे आहे. खाली चव्वेचाळीस असेल.
सावली आहे का वाटेत?

नकाशात सावलीची खूण नसते.
एकट्या झाडाची असते, छोटं वर्तुळ.
मोजली. नऊ आहेत.
म्हणजे होती. शीट ब्याण्णवची आहे.

ती बराच वेळ काही बोलली नाही.
मग तिने देवदार दोन बोटांनी लहान केले,
आणखी लहान, आणि फोन पालथा ठेवला.
सगळे वर पळतात आणि खाली येतात, म्हणाली,
आपलं तर उलटंच. आधी उतार,
आणि परतीचा चढ नेमका उन्हात. मरू आपण.

म्हटलं, खाली गाडीने जाऊ. रात्री दोनला निघू.
वर पायांनी येऊ,
पाणी येतं तसं.

तन्मय वर टरबूज घेऊन थांबणार आहे.
साडेआठपर्यंत आलो नाही तर तो खाली उतरणार,
असं त्याने मला दोनदा सांगितलंय, तिला पाचदा.
बूट अर्धा नंबर मोठे घेतले; उष्णतेनं पाय फुगतात.
कुमाऊँ पुढच्या वर्षी,
किंवा आरक्षण मिळालं तर याच जूनमध्ये,
तिने ते अजून पुसलेलं नाही.

आमच्याकडे नळ एक दिवसाआड, पहाटे पाचला.
आधी नुसती हवा येते.
खाकरतो, थांबतो, पुन्हा धाप टाकतो,
मग लालसर चूळभर, मग धार.
इतकी वर्षं मी दारातूनच ओरडायची, आलं का रे एकदाचं.
काल बादली लावली आणि तिथेच उकिडवी बसले,
तोटीवर हात ठेवून.
म्हटलं, असू दे.
घे जरा दम.