कौलांची मोजणी

वळचणीला कौलं पाटाएवढी, दगडाची;
वर जावं तशी लहान होत जातात,
आढ्याशी पोचेतो तळहाताएवढी.
म्हणून घर आहे त्याहून उंच वाटतं.
ही लबाडी तीनशे साठ वर्षांची,
अजून कुणी पकडलेली नाही.

माझ्या हातात मोजायची फीत.
शिडीपाशी गिल्बर्ट प्रुएट, वय एकाहत्तर, एक गुडघा नवा.
कौलाला तो नुसतं कौल म्हणत नाही,
मापागणिक वेगळं नाव घेतो,
गोठ्यातल्या गाईंची घ्यावीत तशी.

"ही छिन्नीने नाही चिरली," तो म्हणतो, "थंडीने चिरली."
खाणीतून ओला दगड काढायचा, शेतात मांडायचा,
पाणी शिंपडत वाट बघायची.
जानेवारीतल्या एखाद्या रात्री हवा अशी कडक व्हायची
की चर्चची घंटा वाजे
आणि अख्खं गाव कंदील घेऊन
दगडांना पाणी पाजायला शेतात.
पुढे ऊन पडलं, की पानं सुटी होत पोथीसारखी.
ती घंटा त्याच्या पणज्याने ऐकली.
त्याने नाही.

भिंतीत शिंपले आहेत. समुद्र इथून सत्तर मैल.
खिडक्यांवर पागोळ्या अडवायला कोरलेल्या दगडी भुवया,
त्यातली पोटमाळ्याची एक वाकडी.
गवंड्याचा हात चुकला, की त्या आठवड्याची मजुरी चुकली?
माझ्या तक्त्यात त्यासाठी रकाना नाही.
मी लिहितो : किंचित कललेली.

उत्तरेच्या उतारावरची सव्वाशे कौलं गेलीत.
नवी मिळत नाहीत. खाण बुजली,
आणि हिवाळे आता नुसतेच भिजलेले येतात.
तेव्हापासून घर आपल्याच अंगणातलं खातंय :
आधी कबुतरखाना उघडा पडला, मग गाडीखाना,
आज डुकरांचा गोठा.
ऑनोरिया बॅस्टेबल, गमबूट, गेलेल्या नवऱ्याचा कोट,
एकेक कौल ढकलगाडीत रचतात.
डुकरीण वर आभाळाकडे बघते.
"पत्रा टाकते गं तुला," त्या म्हणतात
आणि खरंच ओशाळतात.

गिल्बर्ट प्रत्येक कौल मडक्यासारखं वाजवून घेतो.
बद्द वाजलं, बाजूला.
वाजलं नीट, तर ओकच्या खुंटीवर.
शेवटचं एक, आढ्याचं, तळहाताएवढं,
खणखणीत वाजलं.
त्याने ते कानाशी नेऊन
पुन्हा वाजवलं,
गरज नसताना.