मापाडी

तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात
एकवीस वर्षं मी काट्याजवळ उभा आहे.
गोणी चढते, आकडा थरथरतो, थांबतो,
मी मोठ्यानं ओरडतो, कारकून लिहितो.
माझ्या ओरडण्यावर शेतकरी आणि अडत्या, दोघांचा विश्वास.
घरी मात्र, कोपरखैरणेच्या दीड खोलीत,
माझ्या नाकासमोर
कस्तुरी कमी होत होती
आणि मला दिसलं नाही.

शाळेचा डबा रिकामा परत यायचा, म्हणून आम्ही निर्धास्त.
मग खालच्या मोकाशी काकूंनी सांगितलं,
जिन्याखालची मांजरं पोळी-भाजीवर माजलीत.
वैजू म्हणाली, वयच आहे.
गावाहून आत्या म्हणाली, दृष्ट काढा.
काढली. मीठ-मोहऱ्या तडतडल्या.
मी म्हणालो, आमच्या वेळी ताटात काय असायचं ठाऊक आहे का?
ते वाक्य अजून परत घेता आलेलं नाही.

वाशीच्या डॉक्टरीणबाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या,
घरातला वजनकाटा बाहेर काढा.
मी तो गोणपाटात गुंडाळून मार्केटात नेला,
गाळ्यातल्या कपाटावर ठेवला, चोरीच्या मालासारखा.
बाई हेही म्हणाल्या, हा आजार आहे, हट्ट नव्हे.
वैजूनं ते गॅसच्या पुस्तकामागे लिहून ठेवलंय.
भांडण वर यायला लागलं की काढून वाचते.

दर मंगळवारी तपासणी.
कस्तुरी काट्यावर पाठमोरी उभी राहते.
आकडा तिला दाखवायचा नाही, सांगायचा नाही.
बाई बघतात, लिहितात, गप्प.
पहिल्या मंगळवारी माझी मान आपोआप वळली,
छाती भरली ओरडायला.
सवय.
मग तिच्या वेणीच्या हिरव्या रबराकडे
बघत राहिलो, बाई वही मिटेपर्यंत.

जेवायला आता चौघं एकत्र, टीव्ही बंद.
ताटाबद्दल बोलायचं नाही.
जेवलीस का, विचारायचं नाही.
माझ्या तोंडात तर दुसरी मायाच नव्हती!
आईनं मला तेच विचारलं, मी वैजूला तेच,
रात्रपाळीहून फोन लावला की पहिलं तेच.
आता ते गिळून मी विचारतो, आज काय झालं?
ती म्हणते, काही नाही.
सुजल खाडीवरच्या फ्लेमिंगोंचं सांगतो.
मी मार्केटचं सांगायला तोंड उघडतो: कांदा.
बंद करतो.

एकदा वरण भिंतीवर गेलं.
पिवळ्या डागावर कॅलेंडर टांगलंय,
बँकेचं, गेल्या वर्षीचं.
त्या रात्री ती माझ्या खांद्यात तोंड घालून म्हणाली,
बाबा, मलाही नकोय हे,
डोक्यात कुणीतरी सारखं बोलत असतं.
पाठीवरचं ओझं असतं तर मी उतरवून घेतलं असतं.
त्यात मी आणि माझे भाऊबंद वस्ताद.

परवा मांदेली होती.
ती काटे काढत बसली, एकेक, ताटाच्या कडेला रांगेत,
वर भिंतीवर घड्याळाचे दोन.
मी म्हणालो, आज एक मांजर काट्यावरच झोपलं.
उठेना. गोण्या थांबल्या, हमाल हसायला लागले,
मी शेजारचा काटा लावला.
मान वर न करता ती म्हणाली,
किती भरलं?

वैजूचा हात भाकरीवर थांबला.
पाहिलं नाही, मी म्हणालो.
पाहिलं होतं. मापाडी पाहतोच.
ती माझ्याकडे बघत राहिली, मी सापडलो,
आणि तिच्या ओठांचा एक कोपरा हलला.
भाकरीचा तुकडा तिनं मोडला.
हातात धरून ठेवला.

नाव काय त्याचं?
नाव नाहीये, म्हटलं.

ठेवा मग काहीतरी, ती म्हणाली.