कतारची वेळ

हर्णैच्या बर्फ कारखान्यात
पारकरबाईंच्या कॉम्प्युटरवर
पाच पट्ट्या चढलेल्या, एकीवर एक,
कलमावर बांडगुळं चढावीत तशा.
खाली पान उरलेलं चार बोटं.

बाई शोधतात उद्याचा वारा,
उघडतं लॉटरीचं दुकान.
"मी विचारते एक, हा सांगतो भलतंच,
आमच्या मुकादमासारखा."

मी एकेक उपटत गेलो.
कुपनवाली गेली. पोपटवाली गेली.
एक जाता जाता विचारत होती, खरंच जाऊ?
शॉर्टकटच्या शेपटीला चिकटलेला परका पत्ता
नखानं खवलं काढावं तसा काढला.

शेवटच्या पट्टीला
बाईंनी माझा हात धरला.
"ही नको. हिच्यात कतारचं घड्याळ आहे.
अन्वर ड्युटीवरून सुटला की कळतं मला."

बांडगुळालाही फुलं येतात, लालसर.

काढलीच मी.
मग दाखवलं: खाली, कोपऱ्यातल्या वेळेवर
बाण नेऊन थांबायचं.
कतार दिसतं, अडीच तास मागे.

त्यांनी दोनदा नेऊन पाहिला.
बाहेर लाद्या घसरत होत्या टेम्पोत.
मी बिल लिहीत होतो तेव्हा
बाई वर बघत होत्या,
पट्टी होती तिथं.