नाही-दहा

हर्शल गुरविचचा फोन आला तेव्हा मी
कुणाच्या तरी वॉशिंग मशीनच्या पोटात हात घालून बसलो होतो.
"नऊच आहोत," म्हणाला. "फेइगाला आज वर्ष झालं.
पिनखस सकाळपासून कोट घालून बसलाय."
मी म्हटलं, माझी आई अंतोनिना.
"तुझी आई कोण ते मला माहीत आहे.
काकड्यांचं लोणचं झकास घालायची.
बूट पुसून ये."

दौगावा अजून गोठली नव्हती,
नुसती साय, कडेकडेनं.
पुलावर आठवलं ते शाळेचं हजेरीपत्रक,
त्याच्या शेवटच्या पानावरचा माझा रकाना:
नाव, जन्मतारीख, पत्ता, आणि मग तो शब्द,
जो बाईंनी जरा हळू वाचला,
नातेवाइकांसमोर डॉक्टर रोगाचं नाव घेतो तसा.
वर्गात कुणी हसलं नाही.
हसले असते तर बरं झालं असतं.

बापानं त्या शब्दाचं काय केलं, कुणास ठाऊक.
झालमन घड्याळं दुरुस्त करायचा, शनिवारीसुद्धा.
पावावर डुकराची चरबी, वर लसूण, मीठ. मिटक्या मारत.
वर्षातून एक दिवस मात्र अन्नाला शिवायचा नाही.
विचारलं तर म्हणे, पोट बिघडलंय.
दरवर्षी, पानगळीत, नेमकं एकच दिवस.
आई काही न बोलता
अंधार पडल्यावर सूप गरम करायला ठेवायची.

एवढीच माझी इस्टेट:
एक रकाना, एक बिघडलेलं पोट.

महिन्यातून एकदा रीगाहून तरुण रब्बी येतो.
चहा पाजून त्यानं मला नीट समजावलं:
हे आईकडून येतं. बापाकडून फक्त नाव.
मी विचारलं, एक्केचाळीस साली
जंगलाच्या कडेला माझ्या आजीला उभं केलं,
तिच्या कडेवर बापाची धाकटी बहीण होती,
तेव्हा कुणी विचारलं होतं का, कुणाकडून?
तो गप्प झाला. वाईट मुलगा नाही.
मग म्हणाला, "त्यांचा कायदा आपण का पाळायचा?"
घरी पोचेपर्यंत मला उत्तर सुचलं नाही.
अजूनही नाही.

सिनेगॉगमध्ये एक हीटर, त्याच्याभोवती आठ म्हातारे.
खिडकीशी पिनखस, कोटाची बटणं एकेक घर चुकलेली.
कुणीतरी माझ्या डोक्यावर टोपी ठेवली,
भलत्याच कुणाच्या डोक्याचा आकार आलेली.

हर्शल मोजायला उभा राहिला.
आमच्यात माणसं मोजत नाहीत
("आमच्यात" म्हणालो का मी? असू दे)
मोजलं की दृष्ट लागते.
म्हणून तो बोट न दाखवता पुटपुटतो:
नाही-एक, नाही-दोन, नाही-तीन.

मी ओळीच्या टोकाला,
तो एक शब्द ऐकायला जन्मभर सरावलेला.
रशियनांत नाही. लातवियनांत नाही.
पासपोर्टवर तर छापलंच आहे: नागरिक नाही.
नाही-आठ. पिनखस, नाही-नऊ.

हर्शल माझ्यापुढे थांबला.
रब्बी रीगात. हीटर करकरला.
"नाही-दहा," तो म्हणाला
आणि थुंकी लावून पुस्तकाचं पान उलटलं.

माझं पुस्तक मी चुकीच्या बाजूनं उघडलं होतं.
पिनखसनं ते न बोलता फिरवून दिलं
आणि सुरुवात केली, कापऱ्या आवाजात, बायकोसाठी.
मला त्यातला एकच शब्द येत होता, आमेन.
तो आला की बाकीचे
माझ्यासाठी जरा रेंगाळत.

रात्री बायकोनं विचारलं, एवढा उशीर?
म्हटलं, मशीनचा पंप गेला होता.